डाव्या कोपऱ्यातली अकरा छिद्रं

हयवदनरावांनी लॅपटॉप तिसऱ्यांदा उचलला, ट्यूबलाइटखाली तिरका धरला आणि डाव्या स्पीकरच्या जाळीकडे श्वास रोखून पाहिलं. जाळी म्हणजे तरी काय, कीबोर्डच्या वर करड्या प्लॅस्टिकमध्ये ओळीनं पाडलेली छिद्रं, खसखशीचा दाणाही आत जाणार नाही एवढी बारीक. उजवीकडची सगळी काळीभोर आणि उघडी होती. डावीकडची वरच्या कोपऱ्यातली अकरा मात्र बुजल्यासारखी, फिकट दिसत होती.

त्यांनी चष्मा काढला, पांढऱ्या रुमालानं पुसला आणि पुन्हा लावला. अकराच.

मग ते लॅपटॉप घेऊन खिडकीशी गेले. बेंगळूरच्या जयनगरातल्या रस्त्यावरचं दुपारचं ऊन आत येत होतं. त्या उजेडात बघितलं तर सगळी जाळी एकसारखी. कुठं काही बुजलेलं नाही. परत टेबलाशी आले, ट्यूबलाइटखाली धरला, तर अकरा छिद्रं आपापल्या जागी हजर.

टेबलावर असे नऊ लॅपटॉप ओळीनं मांडलेले होते. श्रीकांतची कंपनी लहानशी, दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत मावणारी. मद्रासच्या एका जहाज कंपनीच्या, जहाजांची पाहणी करणाऱ्या सर्व्हेअरांसाठी त्यानं प्रोग्राम लिहून घेतला होता आणि तो घालून द्यायचे लॅपटॉप सिंगापूरहून मागवले होते. एकूण दहा. त्यातला एक जादा म्हणून ज्या खोक्यात आला त्याच खोक्यात, सील न फोडता पाठवायचा होता. बाकीच्या नवांची तपासणी करून हयवदनरावांनी सही करायची आणि बुधवारी माल मद्रासला निघायचा. मद्रासवाल्यांची अट कडक होती. एका नगावर जरी ओरखडा निघाला तरी सगळा माल परत. आज सोमवार होता. दसरा होऊन दोनच दिवस झाले होते, आयुधपूजेचे झेंडूचे हार दारांवर सुकत होते आणि जिन्याच्या तोंडाशी फोडलेल्या कोहळ्याचा कुंकवानं लाल झालेला डाग अजून पुरता गेला नव्हता.

हयवदनरावांचं अख्खं आयुष्य दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेलं होतं, आणि त्याचा त्यांना कधीही पश्चात्ताप झाला नव्हता. सरकारी कारखान्यात अठ्ठावीस वर्षं ते आलेला माल तपासत. केसाएवढी चीर त्यांना हातभर अंतरावरून दिसे. त्यांच्या नजरेचा धाक एवढा, की माल पुरवणारे लोक त्यांच्या रजेचे दिवस विचारून घेत. कारखाना सोडल्यावर श्रीकांतनं त्यांना आपल्याकडे बोलावलं ते याच नजरेसाठी. संगणकातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, आणि ते तसं सांगतही असत.

पण कारखान्यानं त्यांना एक नियम शिकवला होता, आणि आज तोच नियम त्यांच्या मुळावर आला होता. एका नगात दोष निघाला तर नग वाईट. दोन-चारांत निघाला तर कारागीर वाईट. पण सगळ्याच्या सगळ्या नगांत, त्याच जागी, तोच दोष दिसला, तर नग बाजूला ठेव आणि आधी आपलं मापाचं हत्यार तपास. हे त्यांनी स्वतः कितीतरी नव्या पोरांना दरडावून शिकवलं होतं. इथं नवाच्या नवांत डाव्या कोपऱ्यात तीच अकरा छिद्रं बुजलेली दिसत होती, तीही एका उजेडात दिसत होती आणि दुसऱ्यात नाही. आणि मापाचं हत्यार म्हणाल तर त्यांच्याजवळ एकच होतं, त्यांचे दोन डोळे.

"शाल्मली," त्यांनी हाक मारली. "स्वल्प इकडं ये गं."

शाल्मली पुण्याची. पंचविशीची मुलगी, वर्षभरापूर्वी नोकरीसाठी बेंगळूरला आलेली. प्रोग्रामचा मोठा भाग तिनंच लिहिला होता. हयवदनरावांची कानडी वळणाची मराठी ऐकून पहिल्या दिवशी ती हसली होती आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या डब्यातला बिसीबेळे भात हक्कानं खायला लागली होती. ती खुर्ची ढकलून आली.

"ह्या जाळीत बघ. डावीकडं. काही दिसतंय?"

ती वाकली, क्षणभर बघितलं आणि सरळ उभी राहिली.

"नाही काका. एकदम क्लीन आहे."

"भोकं सगळी उघडी?"

"हो. का, काही प्रॉब्लेम आहे का?"

"छे. नुसतं विचारलं."

ती जागेवर जाऊन बसली आणि जोरजोरात टाइप करायला लागली. हयवदनराव तिथंच उभे राहिले. तरुण डोळे, विनाचष्म्याचे. त्यांना काही दिसलं नाही. आता आणखी कुणाला विचारायचं आणि कशासाठी, हे त्यांना कळेना. त्यांनी नवही लॅपटॉपांवर पिवळं फडकं टाकलं आणि पोट बरं नाही असं सांगून लवकर घरी गेले.

घरी बायकोनं, वसुमतीबाईंनी, पोटासाठी ओवा दिला, तो त्यांनी मुकाट्यानं चावला. मग एक डोळा हातानं झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं, मग दुसरा झाकून वाचलं. सगळं स्वच्छ दिसलं. पण कॅलेंडर ही काही परीक्षा नव्हे. एकादशी कधी आणि संकष्टी कधी हे त्यांना डोळे मिटूनही ठाऊक असे.

त्यांना भीती होती ती वडिलांचं झालं तेच आपलं होण्याची. वडिलांचं, वादिराजांचं, बेंगळूरच्या चिकपेटेत घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. पंचावन्नाव्या वर्षी त्यांना दिसायचं कमी झालं. काचबिंदू. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. आठ महिने नुसत्या बोटांच्या अंदाजानं काम रेटलं. अखेर एकदा एका गिऱ्हाइकाच्या घड्याळातलं चाक दुसऱ्याच्या घड्याळात बसवून मोकळे झाले आणि भर दुकानात, चार माणसांदेखत ते उघडकीला आलं. त्या माणसानं आवाजही चढवला नव्हता. "अण्णा, तुम्हाला दिसत नाही होय," एवढंच म्हणाला होता. हयवदन तेव्हा कॉलेजात होता आणि दुकानात हजर होता. वडिलांचा तो चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढून पस्तीस वर्षांत हलला नव्हता. आता त्यांना चौपन्नावं लागलं होतं.

मंगळवारी ते ऑफिसात सगळ्यांच्या आधी पोचले. खिशात वसुमतीबाईंच्या डब्यातली शिवणाची बारीक सुई होती. छिद्रात सुई घालून बघितली की निकाल लागला असता. आत गेली तर छिद्र उघडं, म्हणजे डोळे गेले. नाही गेली तर छिद्र बुजलेलं, म्हणजे डोळे शाबूत. पाच सेकंदांचं काम. त्यांनी पहिला लॅपटॉप पुढे ओढला, सुई काढली, जाळीवर नेली आणि हात तिथंच थांबला. नव्या मालाला टोकदार वस्तू लावायची नाही, हा त्यांचाच नियम आहे, असं त्यांनी स्वतःला बजावलं आणि सुई परत खिशात टाकली. नियम खराच होता. पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण असं, की सुई आत गेली असती तर पुढं काय करायचं हे त्यांना माहीत नव्हतं. माणूस इतका शहाणा असून असा कसा वागतो, याचं त्यांनाच नवल वाटलं.

दुपारपर्यंत त्यांनी तपासणीचे कागद भरले. किती स्क्रू, किती रबरी पाय, बिजागरी घट्ट की सैल, सगळं. "बाह्य दोष" या रकान्यापुढची जागा तेवढी नवही कागदांवर कोरी राहिली. दोष लिहावा, तर तो तिथं नाही असं शाल्मलीचे डोळे सांगत होते. आणि लिहू नये, तर आपल्याला दिसतंय ते न लिहिता सही कधी केली नव्हती. आंधळ्यासारखी सही मारायची, तर मग वादिराजांच्यात आणि आपल्यात फरक काय?

तीन वाजता ते उठले आणि श्रीकांतच्या खोलीत गेले. शाल्मली तिथंच होती, फळ्यावर काहीतरी लिहून दाखवत होती. ती असेल तर असू दे, असं त्यांनी ठरवलं. उलट चार माणसांदेखत आपण होऊन सांगितलेलं बरं.

"श्रीकांत, मी सही करणार नाही."

श्रीकांत चाळिशीचा, बेंगळूरच्याच जुन्या मराठी घरातला. हयवदनरावांना घरच्यासारखा अण्णा म्हणे. तो चपापला.

"का अण्णा? माल खराब आहे?"

"माल चांगला आहे. मी खराब आहे." हयवदनराव खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. "मला नसलेलं दिसतंय. नवाच्या नवांत, त्या डाव्या जाळीत, अकरा भोकं बुजलेली दिसतात. ट्यूबलाइटखाली दिसतात, खिडकीत दिसत नाहीत. हिला विचारलं, हिला काही दिसत नाही. म्हणजे माझे डोळे गेले. माझ्या वडिलांचेही असेच गेले. तू दुसरं कुणी बघ, आजच. मी कागद भरून ठेवलेत."

त्यांचा आवाज अजिबात कापला नाही, आणि त्याचं त्यांना त्या अवस्थेतही थोडं समाधान वाटलं.

श्रीकांत नुसता "अण्णा, अण्णा, बसा तरी" म्हणत उठला. फळ्याजवळ खडू खाली पडल्याचा आवाज झाला.

"काका," शाल्मली म्हणाली. "मलाही दिसतंय."

हयवदनराव वळले.

"काय दिसतंय?"

"ती भोकं. अकराच. मी शनिवारपासून बघतेय." तिचा चेहरा लालबुंद झाला होता. "काका, ते माझ्यामुळे झालंय. शुक्रवारी पूजेला मी सगळ्या लॅपटॉपना गंध-कुंकू लावलं ना. आमच्याकडे खंडेनवमीला बाबांच्या लेथला लावतात तसं, कोपऱ्यात. डाव्या कोपऱ्यातच लावलं, नवही. गंध पातळ होतं. पुसल्यावर बघितलं तर भोकं भरलेली. मी शनिवारी सुटी असताना ऑफिसला आले, टूथब्रशनं घासलं, स्पिरिटनं पुसलं, काही निघेना. आणि काल तुम्ही विचारलंत तेव्हा... माझं अजून नोकरीचं कन्फर्मेशन पण नाही झालेलं. मला वाटलं, नाही म्हटलं तर तुम्ही सोडून द्याल. तुम्ही स्वतःचे डोळे गेले असं समजाल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ऑनेस्टली."

आणि ती रडायला लागली, अगदी शाळेतल्या मुलीसारखी, मनगटानं नाक पुसत.

रागवावं असं बरंच काही होतं, पण राग कुठून आणायचा तेच हयवदनरावांना समजेना. या मुलीनं आपल्याला फसवलं, हे वाक्य त्यांच्या मनात आलं आणि तसंच विरघळून गेलं. मागून दुसरं आलं ते एवढंच, की हिलाही दिसतंय. अकराच दिसतायत.

"थांबा, थांबा," श्रीकांत म्हणाला. "पण नवही लॅपटॉपमध्ये मोजून अकराच भोकं गंधानं कशी भरतील? एकात अकरा, एकात चार, असं नाही का होणार?"

दोघांनीही त्याच्याकडे बघितलं. दोन दिवस दोघं तो आकडा मनात घोळवत होती, आणि एवढी साधी गोष्ट एकाच्याही डोक्यात आली नव्हती. भ्यालेल्या माणसाला आपल्या भीतीला पुरेल तेवढाच हिशेब करता येतो, असं म्हणायचं आणि सोडून द्यायचं.

"दहावा," हयवदनराव म्हणाले. "तो खोक्यात होता. त्याची पूजा झाली नाही."

"सील फोडावं लागेल," शाल्मली म्हणाली.

"फोडू या," श्रीकांत म्हणाला. "मद्रासवाल्यांना मी सांगतो."

खोकं टेबलावर आलं. सील श्रीकांतनं फोडलं. थर्माकोल निघाला, पारदर्शक पिशवी निघाली. लॅपटॉप ट्यूबलाइटखाली ठेवला. हयवदनरावांनी हात वर केला.

"कुणी बोलायचं नाही. प्रत्येकानं बघायचं, चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठी पालथी ठेवायची. कारखान्यात आम्ही असंच करायचो. एकानं बोललं की दुसऱ्याची नजर बाटते."

तिघांनी आळीपाळीनं वाकून बघितलं आणि लिहिलं. चिठ्ठ्या उलटल्या. हयवदनरावांच्या चिठ्ठीवर अकरा. शाल्मलीच्या चिठ्ठीवर अकरा. श्रीकांतच्या चिठ्ठीवर दहा.

"तू चुकलास," हयवदनराव म्हणाले. "दुसऱ्या ओळीतलं शेवटचं सोडलंस."

श्रीकांतनं पुन्हा वाकून बघितलं. "सोडलंच की," तो म्हणाला. मग त्यानं टॉर्च आणला, जाळीवर तिरका मारला आणि नख फिरवून बघितलं. "आत भोक नाहीच आहे हे. वरून नुसता खळगा पाडलाय. मागं बिजागरीचा स्क्रू बसतो ना ह्याच जागी, तिथं आरपार भोक पाडून चालणार कसं? शोभेसाठी ओळ पुरी केलीय त्यांनी. सिंगापूरहूनच असे आलेत अण्णा. समोरून उजेड आला की खळगा भरल्यासारखा दिसतो, बाजूनं आला की भोकासारखा."

शाल्मली रडत होती ती हसायला लागली. हयवदनराव खुर्चीवर बसले. एवढा वेळ आपण उभेच होतो हे बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं. छातीवरचं ओझं उतरलं म्हणतात ते शब्दशः खरं असतं. त्यांना खरोखर हलकं वाटत होतं, इतकं, की थोडी चक्कर आली. त्यांनी पाणी मागितलं. शाल्मलीनं धावत जाऊन आणलं आणि ग्लास हातात देऊन तिथंच उभी राहिली.

"सॉरी काका."

"दोन दिवस मला आंधळं करून ठेवलंस की गं," ते म्हणाले. पण म्हणता म्हणता त्यांनाच हसू फुटलं, आणि ते असं काही फुटलं की पाणी शर्टावर सांडलं. "आणि नव्या मालाला टूथब्रश? नव्या मालाला?"

"तुमचाच सॉफ्टवाला होता," शाल्मली म्हणाली. "चष्म्याच्या काचा साफ करायचा. धुऊन ठेवलाय."

यावर मात्र ते खरोखर रागावले, पण कुणी ते मनावर घेतलं नाही.

संध्याकाळी त्यांनी दहाच्या दहा कागद पुरे केले. "बाह्य दोष" पुढं लिहिलं, नाही. खाली टीप टाकली, की डाव्या जाळीच्या वरच्या कोपऱ्यातली अकरा छिद्रं मुळातच आरपार नाहीत, ती तशीच घडवलेली आहेत, तरी घेणाऱ्यानं मनात शंका आणू नये. मग सही केली. इतकी ठसठशीत सही त्यांनी कारखान्यात असतानाही क्वचितच केली असेल.

घरी जाताना त्यांनी गरम कोडबळ्यांचा, म्हणजे कानडी कडबोळ्यांचा, पुडा घेतला. बस आली तेव्हा तिचा नंबर लांबूनच वाचला आणि शेजारच्या अनोळखी माणसाला उगीच मोठ्यानं सांगितला. त्या माणसानं "सरी, सरी" म्हणून मान डोलावली.

वसुमतीबाई स्वयंपाकघरात होत्या. हयवदनराव चप्पल काढून थेट आत गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. छिद्रं, गंध, सुई, चिठ्ठ्या, सगळं. वडिलांचंही सांगितलं, जे ते सहसा बोलत नसत. वसुमतीबाई आमटीचा डाव हातात तसाच धरून ऐकत होत्या. सांगून झालं तेव्हा त्यांनी गॅस बारीक केला.

"म्हणून बघत होता होय?" त्या म्हणाल्या.

"काय?"

"माझ्याकडं. काल जेवताना, आज सकाळी कॉफी देताना. नजर म्हणून हलेना तुमची. मला वाटलं माझ्या तोंडावर कसला डाग पडलाय की काय. चारदा आरशात बघून आले. शेवटी शेजारच्या संहिताला बोलावून दाखवलं. ती म्हणते, कुठं काय आहे अक्का, सगळं नेहमीसारखंच तर आहे."

आता दिसायचं बंद होणार, तर त्याआधी काय काय बघून ठेवायचं याची एक यादी हयवदनरावांनी सोमवारी बसमध्ये मनाशी सुरू केली होती, आणि ती यादी पहिल्या नावाशीच संपली होती. हे कसं सांगायचं? एकतीस वर्षांच्या संसारात असलं काही बोलायची सवय दोघांनाही नव्हती.

"डाग नाही," ते म्हणाले. "हनुवटीखाली एक तीळ आहे. बारीक. आजवर कधी दिसला नव्हता मला."

वसुमतीबाईंचा हात आपोआप हनुवटीखाली गेला. मग त्यांनी नवऱ्याकडे नीट बघितलं, आणि त्याच्या हातातला पुडा घेऊन तो सोडता सोडता म्हणाल्या,

"तो माहेरचाच आहे. मला बघायला आला होता ना, तेव्हा सगळा वेळ बशीतल्या उप्पिटाकडंच बघत होता तुम्ही."